बॅरिस्टर बदरुद्दीन तय्यबजी : पालिकेच्या बाकापासून हायकोर्टाच्या खुर्चीपर्यंत

निवडणूक नगरपरिषदेची असो की ग्रामपंचायतीची, पाचोरा तालुक्यात ती लागली की मोहल्ल्यातल्या ओट्याओट्यावर दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. पहिलं बोलणं असं की राजकारण हे शरीफ माणसाचं काम नाही, आपण आपलं दुकान आणि शेत बघावं. दुसरं बोलणं असं की काही झालं तरी आपलाच माणूस निवडून यायला पाहिजे, मग तो कसाही असो. या दोन्ही बोलण्यांत नळाला पाणी किती दिवसांनी येतं, उर्दू शाळेची खोली पावसाळ्यात का गळते, कब्रस्तानच्या रस्त्यावर दिवा का नाही, हे विषय निघतच नाहीत. मतदान होतं, गुलाल उडतो, आणि मग पुढची पाच वर्षं त्याच ओट्यांवर बसून आपण तक्रारी करतो.

दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मुसलमान तरुणानं या दोन्ही बोलण्यांपेक्षा वेगळा रस्ता धरला होता. त्यांचं नाव बदरुद्दीन तय्यबजी. आपल्या मुलांना हे नाव बहुतेक करून सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातून माहीत असतं. काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष कोण, या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते पाठ केलं जातं आणि परीक्षा झाली की विसरलं जातं. पण काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या चौदा वर्षं आधी हा माणूस नगरपालिकेत जाऊन बसला होता. गटारं, पाणी, रस्ते आणि करांच्या कामापासून त्यांनी सार्वजनिक आयुष्य सुरू केलं. ही गोष्ट पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. आपल्यासारख्या लहान गावातल्या माणसांना तीच जास्त उपयोगाची आहे.

घराणं आणि तालीम

बदरुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणं सुलेमानी बोहरा जमातीचं, मूळचं खंबायतकडचं. वडील मुल्ला तय्यब अली यांनी गरिबीतून वर येऊन व्यापार उभा केला. पैसा आल्यावर त्यांनी जे केलं ते त्या काळात फार थोड्या मुसलमान बापांनी केलं. मुलांना त्यांनी शिकायला थेट विलायतेला पाठवलं. तेव्हा इंग्रजी शिक्षणाचं नाव काढलं तरी मोहल्ल्यात भुवया उंचावायच्या. मुलगा इंग्रजी शिकला की दीन सोडेल, असा धाक होता. मुल्ला तय्यब अली स्वतः दीनदार होते, तरीही त्यांनी तो धाक मानला नाही. मोठा मुलगा कमरुद्दीन इंग्लंडमधून सॉलिसिटर झाला. तिथं सॉलिसिटर म्हणून नोंदणी झालेले ते पहिले हिंदी मानले जातात.

बदरुद्दीन यांची सुरुवात मात्र मदरशातून झाली. उर्दू आणि फारसी त्यांनी दादा मखबा यांच्या मदरशात शिकली. पुढं ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. या घराण्याची आणखी एक गोष्ट उर्दू शिकवणाऱ्या माणसाला विशेष वाटते. घरची बोली गुजराती होती. मुल्ला तय्यब अली यांच्या कुटुंबानं साधारण १८६० च्या आसपास ठरवून घरात उर्दू आणली. देशभरच्या मुसलमानांशी आणि इतर लोकांशीही बोलता यावं, हा त्यामागचा विचार. म्हणजे एका पिढीनं गुजराती, उर्दू, फारसी आणि इंग्रजी अशा चार भाषा सांभाळल्या. आपण उर्दू की मराठी यावर भांडत बसतो, तेव्हा हे घर आठवायला हरकत नाही. एक भाषा आली म्हणून दुसरी गेली, असं त्यांच्याकडं झालं नाही.

सोळाव्या वर्षी बदरुद्दीन लंडनला शिकायला गेले. १८६३ साली त्यांनी मिडल टेंपल इथं बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. मध्येच डोळ्यांच्या दुखण्यानं गाठलं. शिक्षण अर्धवट टाकून १८६४ च्या अखेरीस त्यांना मुंबईला परत यावं लागलं. वीस वर्षांच्या मुलाला डोळे अधू झाल्यावर पुढं काय दिसलं असेल, याचा विचार करून पाहा. पण १८६५ साली ते पुन्हा गेले. निघण्याआधी राहतुन्नफ्स यांच्याशी त्यांचा निकाह झाला. एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईला परतले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. तेव्हा त्यांचं वय होतं तेवीस वर्षं.

नव्या पालिकेत

आता खरा मुद्दा. मुंबईचा कारभार तेव्हा सरकारनं नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींकडं होता आणि प्रत्यक्ष सत्ता म्युनिसिपल कमिशनरच्या हाती होती. १८६५ पासून आर्थर क्रॉफर्ड हे कमिशनर होते. क्रॉफर्ड मार्केट ज्यांच्या नावानं ओळखलं गेलं, तेच हे. माणूस कामाचा होता. शहर स्वच्छ केलं, बाजार बांधला. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. कर वाढले, कर्ज वाढलं, आणि कर भरणाऱ्यांना हिशेब विचारायची सोय नव्हती. १८७१ साली मुंबईत यावर मोठा गदारोळ झाला. नौरोजी फर्दुनजी, फिरोजशहा मेहता यांच्यासारखी माणसं पुढं आली. कर आम्ही भरतो, तर कारभारात आमची निवडलेली माणसं पाहिजेत, ही मागणी जोर धरू लागली.

त्यातून १८७२ चा कायदा आला. पालिकेत ६४ सभासद. त्यांतले १६ सरकारनं नेमायचे, १६ जस्टिस मंडळींनी निवडायचे आणि ३२ करदात्यांनी निवडायचे. मत देण्याचा हक्क सगळ्यांना नव्हता. वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यालाच तो होता. १८७२ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती साडेसहा लाखांच्या घरात होती, त्यात मतदार मूठभर. बायकांना तर विचारलंच नव्हतं. तरीसुद्धा ही छोटी गोष्ट नव्हती. शहराचा निम्मा कारभार मतांवर ठरणार होता, आणि हिंदी माणसांच्या हाती इतक्या प्रमाणात कारभार देणारी पालिका देशात नवीच होती.

१८७३ साली ही नवी पालिका बसली. त्याच वर्षी बदरुद्दीन तय्यबजी तिचे सभासद झाले. वय २८-२९. वकिली नुकती रंगात येत होती. पैसा कोर्टात होता, पालिकेत नव्हता. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आधी प्रॅक्टिस जमवू, मग बघू. ते तसं म्हणाले नाहीत.

पालिकेत काय चालायचं? आपल्या नगरपरिषदेत चालतं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. विहार तलावाचं पाणी शहराला पुरत नाही, मग नवं पाणी आणायचं कुठून. मैला आणि गटारं. रस्त्यांची खडी. बाजारातले गाळे. प्राथमिक शाळांना पैसे किती द्यायचे. आणि या सगळ्यासाठी कर कुणावर किती बसवायचा. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं कंटाळवाणं वाटतं. भाषण करायला यात फारशी जागा नसते. पण जो माणूस बजेटचं कागद वाचू शकतो आणि ठरावातला एक शब्द इकडचा तिकडं झाला तर काय होतं हे ओळखू शकतो, त्याला तिथं खरी ताकद मिळते. तय्यबजी कायद्याचे होते. फिरोजशहा मेहता पारशी, काशीनाथ त्र्यंबक तेलंग हिंदू, आणि तय्यबजी मुसलमान. पुढच्या काळात मुंबईच्या सार्वजनिक जीवनात ही तीन नावं एकत्र घेतली जाऊ लागली. १८८३ साली इल्बर्ट बिलाच्या वेळी टाऊन हॉलमध्ये मोठी सभा झाली. हिंदी न्यायाधीशानं गोऱ्या आरोपीचा खटला चालवावा की नाही, हा वाद होता. त्या सभेत हे तिघंही बोलले. १८८५ साली तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली.

यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की तय्यबजींनी आपली जमात सोडून ही दोस्ती केली नाही. त्याच वर्षांत ते जमातीसाठी काय करत होते, ते आता बघू.

अंजुमन : मागण्याआधी उभं करणं

पालिकेत गेल्यानंतर लगेच, म्हणजे १८७४ साली, मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. बदरुद्दीन, त्यांचे मोठे बंधू कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांतले मोठे व्यापारी नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि मुन्शी गुलाम मुहम्मद ही मंडळी त्यामागं होती. बोहरा आणि कोकणी, शिया आणि सुन्नी, सगळे एका संस्थेत. आजही हे सहज जमत नाही.

मुंबईत मुसलमान मुलांची शाळेतली संख्या तेव्हा फार कमी होती. पारशी आणि हिंदू मुलं पुढं गेली होती. याचं दुःख करणारे पुष्कळ होते. अंजुमननं शाळा काढायचं ठरवलं आणि १८८० साली पहिली शाळा सुरू झाली. दीनी तालीम, उर्दू आणि इंग्रजी शिक्षण एका छपराखाली. बोरीबंदर स्टेशनसमोरची आज दिसणारी अंजुमनची देखणी इमारत १८९३ साली उभी राहिली. तय्यबजी आधी सेक्रेटरी होते आणि १८९० पासून अखेरपर्यंत अध्यक्ष. आज अंजुमनच्या शाळा-कॉलेजांतून हजारो मुलं-मुली शिकतात आणि त्यांत खान्देशातून गेलेली मुलंही असतात.

सार्वजनिक कामात पडणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा की तुम्ही आमच्यासाठी काय केलं. तय्यबजींकडं दाखवायला शाळा होती. आपल्याकडं फॉर्म भरायच्या आदल्या महिन्यात ज्याला समाजसेवा आठवते, त्याला लोक ओळखून असतात. कुणाचं रेशनकार्ड काढून दिलं, कुणाच्या मुलीचा दाखला करून आणला, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला कोण येऊन बसला, हे मोहल्ल्याला माहीत असतं.

कौन्सिल, काँग्रेस आणि एक कठीण वर्ष

१८८२ साली गव्हर्नरांनी तय्यबजींना मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमलं. त्याच वर्षी मे महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. त्यानंतर १८८४ साली मुंबई इलाख्यासाठी लोकल बोर्डांचा आणि जिल्ह्यांतल्या नगरपालिकांचा कायदा झाला. मुंबई शहरात जे १८७३ ला सुरू झालं, ते या कायद्यांनी जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत पोचलं. खान्देश तेव्हा एकच मोठा जिल्हा होता आणि पाचोरा त्यातला एक तालुका. जिल्हा लोकल बोर्ड, तालुका लोकल बोर्ड, काही निवडलेले सभासद ही सगळी रचना तिथून आली. आजच्या जिल्हा परिषदेचं आणि पंचायत समितीचं ते जुनं रूप. ज्या कौन्सिलात हे कायदे झाले, तिथं त्या काळात तय्यबजी सभासद म्हणून बसत होते. आपल्या तालुक्याच्या कारभाराचा धागा असा त्यांच्यापर्यंत जातो. १८८६ मध्ये तब्येतीमुळं त्यांनी कौन्सिलचा राजीनामा दिला.

१८८५ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं. तिसरं अधिवेशन १८८७ च्या डिसेंबरात मद्रासला भरलं, सहाशेहून जास्त प्रतिनिधी आले, आणि अध्यक्ष म्हणून बदरुद्दीन तय्यबजींची निवड झाली. देशाच्या सर्वांच्या प्रश्नांवर मुसलमानांनी बाजूला राहावं याचं काही कारण नाही, हे त्यांनी अध्यक्षीय भाषणात मांडलं. जमातीचे स्वतःचे प्रश्न वेगळे आहेत, त्यासाठी आपल्या संस्था आहेत. पण कर, कायदा, नोकऱ्या, कारभार हे सगळ्यांचे प्रश्न आहेत आणि ते सगळ्यांनी मिळून सोडवायचे, अशी त्यांची भूमिका होती.

नेमक्या त्याच दिवसांत लखनौला सर सय्यद अहमद खान यांचं भाषण झालं आणि त्यांनी काँग्रेसच्या विरोधात मत दिलं. सर सय्यद हे काही लहान माणूस नव्हते. अलिगढचं कॉलेज त्यांनी उभं केलं होतं, मुसलमानांच्या शिक्षणासाठी आयुष्य झिजवलं होतं. निवडणुकीची पद्धत आली की संख्येनं कमी असलेली जमात नेहमी मागं पडेल, ही त्यांची भीती होती. ही भीती खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. आपल्या गावात तीन-चारशे मतं असलेल्या मोहल्ल्यातली माणसं आजही हेच बोलतात.

तय्यबजींनी सर सय्यद यांना १८८८ मध्ये पत्रं लिहिली. दोघांचा सूर शेवटपर्यंत अदबीचा राहिला. तय्यबजींचं म्हणणं थोडक्यात असं होतं की काही चुकीचं होत असेल तर आत येऊन ते थांबवा, बाहेर राहून ते थांबणार नाही. नुसतं सांगून ते थांबले नाहीत, त्यांनी त्यासाठी नियम करून घेतला. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी किंवा जवळजवळ एकमुखी विरोध असेल, असा विषय काँग्रेसनं चर्चेला घ्यायचा नाही, असा ठराव १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात झाला. संख्येनं कमी असलेल्यांचं संरक्षण कसं करायचं, याचं हे वकिली उत्तर होतं. ते घोषणेत नव्हतं, नियमाच्या भाषेत होतं.

इथं त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट लपवायला नको. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांनी ॲलन ह्यूम यांना पत्र लिहून सुचवलं की मुसलमानांतला विरोध एवढा वाढत असेल तर काँग्रेसची अधिवेशनं निदान पाच वर्षं थांबवावीत. म्हणजे शंका त्यांच्याही मनात आली होती. जमात तुटते की काय, ही काळजी त्यांनाही खात होती. त्यांची सूचना मान्य झाली नाही. पण त्यामुळं चिडून ते उठून गेले नाहीत, आणि जमातीवरही त्यांनी राग काढला नाही. अंजुमनचं काम चालू राहिलं, मित्रांशी संबंध चालू राहिले. सार्वजनिक कामात हार, शंका आणि एकटेपणा येतो. तेव्हा माणूस कसा वागतो यावरून त्याची पारख होते.

न्यायाधीश आणि टिळकांचा जामीन

१८९५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. या कोर्टातले ते पहिले मुसलमान न्यायाधीश. न्यायाधीश झाल्यावर राजकारणाच्या व्यासपीठावर जाणं बंद झालं. पण त्यांच्या आयुष्यातला महाराष्ट्रानं विसरू नये असा प्रसंग यानंतरचा आहे.

१८९७ च्या जुलै अखेरीस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. पुण्यात प्लेगचे अधिकारी रँड यांची हत्या झाली होती आणि गोऱ्या मंडळींत संताप होता. मॅजिस्ट्रेटनं जामीन नाकारला. हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांसमोर अर्ज गेला, तिथंही नकार. मग ऑगस्टच्या सुरुवातीला बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला, तो न्यायमूर्ती तय्यबजींसमोर. त्यांनी जामीन मंजूर केला. बचावाची तयारी करायला आरोपीला मोकळीक मिळाली पाहिजे, हा साधा न्यायाचा मुद्दा त्यांनी मानला. टिळकांचं राजकारण आणि तय्यबजींचं राजकारण एक नव्हतं. त्यांनी तो विचार केला नाही, समोरचा अर्ज बघितला. पुढं दुसऱ्या न्यायाधीशांसमोर खटला चालून टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, ती गोष्ट वेगळी. तेच दावर पुढं न्यायाधीश झाले आणि १९०८ साली त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली. त्यामुळं १८९७ चा तो जामीन आणखी ठळक दिसतो.

सरपंच किंवा नगरसेवक झालेल्या माणसालाही हीच परीक्षा रोज द्यावी लागते. ज्यानं मत दिलं नाही त्याच्या गल्लीतलं गटार साफ करायचं की नाही? तय्यबजींचं उदाहरण समोर असेल तर उत्तर सोपं आहे.

१९०२ साली त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम केलं. मुंबई हायकोर्टाच्या त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले हिंदी.

घरातल्या मुली

बाहेर सुधारणेची भाषणं देऊन घरात जुनं ते चालू ठेवणारे पुष्कळ असतात. तय्यबजींनी आपल्या सगळ्या मुलींना शिकवलं. १९०४ साली दोन मुलींना तर इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळेत पाठवलं. १९०३ मध्ये मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स भरली, तिचे ते अध्यक्ष होते. तिथं त्यांनी पडद्याच्या रिवाजाबद्दल मत मांडलं की दीननं जेवढं सांगितलं आहे, त्यापेक्षा कितीतरी जास्त बंधनं आपण रिवाजानं घातली आहेत. हे सगळ्यांना पटलं नाही. पण त्यांची शिकलेली पुढची पिढी देशाच्या कामाला आली. त्यांचे पुतणे आणि जावई अब्बास तय्यबजी हे १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींच्या अटकेनंतर नेतृत्व घ्यायला पुढं झाले आणि तुरुंगात गेले. तेव्हा अब्बास साहेबांचं वय पंचाहत्तरीच्या पुढं होतं.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये हृदयविकारानं बदरुद्दीन तय्यबजींचं इंतकाल झालं. वय ६१. त्याच १९०६ साली खान्देशाचे दोन जिल्हे झाले, पूर्व आणि पश्चिम. पूर्व खान्देश म्हणजे आपला जळगाव.

पाचोऱ्यातून बघताना

मुंबईच्या बॅरिस्टरची गोष्ट नगरदेवळा, वरखेडी, लोहारा किंवा पिंपळगाव हरेश्वरच्या माणसाला कशाला सांगायची, असं कुणी विचारेल. तय्यबजींच्या घरी पैसा होता, विलायती शिक्षण होतं, हे खरं. पण मताच्या बाबतीत आपण त्यांच्या काळातल्या मुंबईकरापेक्षा कितीतरी श्रीमंत आहोत. तेव्हा ५० रुपये कर भरणाऱ्यालाच मत होतं. आज अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आहे, हातगाडी ओढणाऱ्या चाचांनाही आणि घरात शिलाई करणाऱ्या आपांनाही. तेव्हा बाईला जागा नव्हती. १९९३ च्या घटनादुरुस्त्यांनी एक तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवल्या आणि महाराष्ट्रानं २०११ साली त्या निम्म्या केल्या. म्हणजे मोहल्ल्यातली एखादी डीएड, बीए झालेली मुलगी एकवीस वर्षांची झाली की सदस्य होऊ शकते.

पण त्यासाठी तयारी लागते, आणि ती निवडणूक लागल्यावर होत नाही. मतदार यादीत नाव नीट आहे का, ते आधी बघावं लागतं. बागवान, पिंजारी, मण्यार, तांबोळी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत आणि तडवी बांधव अनुसूचित जमातीत आहेत. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला आणि जात पडताळणी लागते. जुने शाळेचे दाखले, महसुली नोंदी शोधण्यातच महिने जातात. घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली असेल तर अडचण येते. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळं अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर उमेदवारी टिकत नाही. निकालानंतर तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब दिला नाही तर निवडून आलेलं पदही धोक्यात येतं. निवडणूक जिंकून कागदावर हरलेली माणसं आपल्या भागात कमी नाहीत.

निवडून आलेल्या बाईऐवजी तिचा नवरा किंवा दीर मीटिंगला जाऊन बसतो, हा रिवाजही थांबायला हवा. सही तिची आणि बोलणं त्याचं, याला कारभार म्हणत नाहीत. ज्या घरानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुलींना बोटीनं विलायतेला पाठवलं, त्या घराचं नाव आपण अभिमानानं घ्यायचं आणि आपल्या सुनेला चावडीपर्यंत जाऊ द्यायचं नाही, हे जुळत नाही.

उभं राहायचं नसेल त्यालाही काम आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे. तिथं जाऊन बसणं, जमाखर्च वाचून दाखवायला लावणं, कोणत्या वॉर्डात किती खर्च झाला ते विचारणं, हे कुणीही करू शकतं. विचारताना फक्त आपल्या गल्लीचं विचारू नये. पाणी सगळ्या गावाचं असतं. जो सगळ्या गावाच्या पाण्यासाठी बोलतो, त्याला पुढच्या खेपेला दुसऱ्या आळीतूनही मतं मिळतात, आणि मग तीन-चारशे मतांचं गणित आपोआप सैल होतं. सर सय्यद यांच्या भीतीवर तय्यबजींनी नियमानं उत्तर शोधलं होतं. गावपातळीवर आपल्याकडं उत्तर आहे ते कामाचं.

मोहल्ल्यातल्या पोरांना आपण डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा असं सांगतो. ते सांगावंच. त्याच्या जोडीला असंही सांगायला हवं की शिकून-सवरून पंचायतीत, नगरपरिषदेत जा आणि बजेटचं कागद वाचा. शरीफ माणसांनी ही जागा रिकामी सोडली की ती रिकामी राहत नाही. दुसरं कुणी येऊन तिथं बसतं, आणि मग शाळेचं छत गळत राहतं. बदरुद्दीन साहेबांनी अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी ती जागा घेतली होती. अल्लाह त्यांची मग्फिरत करो आणि आपल्या मुला-मुलींना त्यांच्यासारखी हिंमत आणि सबर देवो.